चिठ्ठी वेळेवर फाडणारे हात

मंडळी, घाटनांदूरच्या शिवारात चैत्र-वैशाख लागला की विहिरींचे पाणी तळाला जाते. उरलेले पाणी हलत नाही, वरून ऊन तापते, आणि आठ-पंधरा दिवसांत त्यावर हिरवी साय धरते. आपण म्हणतो, शेवाळ आले. गावाबाहेर सांडपाणी साचते तिथे कधी कधी दुसराही एक रंग दिसतो. काळ्या, कुबट वासाच्या चिखलावर गुलाबी किंवा जांभळट पापुद्रा चढतो. तिथून आपण नाकाला पदर लावून निघून जातो. आज आपण तिथेच थोडा वेळ थांबणार आहोत. या दोन्ही रंगांमागे उन्हावर जगणारे जीवाणू आहेत, आणि ऊन खाऊन जगणे हे काम दिसते तितके सोपे नाही.

प्रथम त्यांची ओळख करून घेऊ. एका मिलिमीटरचे हजार भाग करावेत, त्यातले एक-दोन किंवा फार तर पाच-दहा भाग भरतील एवढाच यांच्या एकेका पेशीचा आकार. विहिरीवरच्या हिरव्या सायीत पुष्कळदा नील-हरित जीवाणू असतात. झाडाच्या पानाप्रमाणेच ते ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन वायू घेऊन आपले अन्न तयार करतात आणि प्राणवायू बाहेर टाकतात. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांच्या कृपेने. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे खारे पाणी एरवी हिरवे दिसते, तेही मुख्यतः यांच्याचमुळे. २०२० सालच्या जून महिन्यात ते पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारेपणा वाढला होता, आणि मिठात वाढणाऱ्या, हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्म जीवांची गर्दी झाली होती. म्हणजे लोणारला एकाची वस्ती कमी झाली आणि दुसऱ्याची वाढली, म्हणून रंग पालटला.

आपल्या सांडपाण्यातला जांभळा जीवाणू याहून नवलाचा आहे. त्याच्यातल्या काही जातींत तोच एक जीव परिस्थिती पाहून आपला रंग आणि आपला धंदा, दोन्ही बदलतो. अशा एका जातीचे नाव आहे ऱ्होडोबॅक्टर कॅप्सुलेटस. नाव जड आहे, ते पाठ करायला नको. आपण त्याला जांभळा जीवाणूच म्हणू. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तर तो तुमच्या-आमच्यासारखा श्वसन करून जगतो. प्राणवायू संपत आला की तो आपल्या अंगात उन्हाचा कारखाना उभारतो, आणि उजेडावर पोट भरू लागतो. त्याचा हा कारखाना प्राणवायू मात्र बाहेर टाकत नाही.

तुम्ही म्हणाल, मग दोन्ही धंदे एकदम का करत नाही? शेतीही करावी आणि दुकानही चालवावे! पण यात जिवाशी गाठ आहे. ऊन धरण्यासाठी त्याच्याकडे जे रंगद्रव्य असते, त्यावर भर उजेड पडत असताना जवळ प्राणवायू असला, तर त्या प्राणवायूचे एक अति दाहक रूप तयार होते. ते पेशीतल्या प्रथिनांना आणि चरबीला जाळत सुटते. चुलीजवळ रॉकेलचा डबा उघडा ठेवण्यासारखेच ते. म्हणून कारखाना केव्हा उभारायचा, केव्हा थांबवायचा आणि त्याचा कोणता भाग किती करायचा, याचा हिशेब त्याला मिनिटामिनिटाला ठेवावा लागतो. हिशेब चुकला तर जीव जातो.

हा हिशेब तो ठेवतो कसा, हेच आजचे मुख्य सांगणे आहे.

आपल्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहिलेला तो ग्रंथ. दासोपंत १६१५ साली समाधिस्थ झाले. चारशे वर्षे लोटली तरी ती जपलेली आहे, कारण ती टिकावी म्हणूनच लिहिली आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत अशी एक पासोडी असते. तिला डी.एन.ए. म्हणतात. अंगातली प्रत्येक वस्तू कशी घडवायची याचा मजकूर तिच्यात असतो. एका वस्तूचा एक मजकूर, त्याला जनुक म्हणायचे. पण रोजच्या कामासाठी कोणी पासोडी उलगडून कारागिरापुढे टाकत नाही. हवा तेवढा मजकूर एका चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा आणि चिठ्ठी कारागिराकडे पाठवायची. ही चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए. अशी चिठ्ठी खरोखरच असते, हे सिडनी ब्रेनर, फ्रांस्वा जाकोब आणि मॅथ्यू मेसेल्सन या शास्त्रज्ञांनी १९६१ साली प्रयोगाने दाखवले. पेशीतले कारागीर, म्हणजे रायबोसोम, चिठ्ठी वाचतात आणि तीबरहुकूम प्रथिने घडवतात.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. आता पुस्तकात सहसा नसलेला भाग. चिठ्ठी वाचून झाली, माल तयार झाला. मग त्या चिठ्ठीचे काय होते?

घाटनांदूरचे स्टेशन परळी-विकाराबाद मार्गावर आहे. एकेरी मार्गावर गाडी सोडण्याची जुनी रीत वडीलधाऱ्यांपैकी कोणी ना कोणी पाहिलेली असेल. पुढच्या स्टेशनापर्यंत मार्ग मोकळा आहे, याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हाती एक गोळा दिला जाई, आणि पुढच्या स्टेशनावर तो परत करावा लागे. समजा, एखाद्याने तो गोळा जवळच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच जोरावर गाडी हाकली, तर? हुकूम खरा, पण कालचा. समोरून गाडी येत असेल तर कालचा खरा हुकूम आज माणसे मारील.

पेशीतही नेमके हेच आहे. प्राणवायू नसताना निघालेली 'कारखाना वाढवा' ही चिठ्ठी प्राणवायू आल्यावरही तशीच फिरत राहिली, तर कारागीर बिचारे माल घडवतच राहतील. नवी चिठ्ठी लिहिणे बंद केले तरी जुन्या चिठ्ठ्या वाचल्या जाणारच. तेव्हा हुकूम थांबवायचा तर दोन गोष्टी लागतात : नवा हुकूम न लिहिणे, आणि जुना फाडून टाकणे. हे फाडण्याचे काम करणारी प्रथिने पेशीत मुद्दाम ठेवलेली असतात. त्यांना रायबोन्यूक्लिएज म्हणतात. ही एका प्रकारची विकरे, म्हणजे एन्झाइमे आहेत. काही जण चिठ्ठीच्या मध्येच कात्री चालवतात, काही जण तुकड्याच्या टोकाकडून एकेक अक्षर कुरतडत जातात. सुटी झालेली अक्षरे वाया जात नाहीत. त्यांतूनच पुढच्या चिठ्ठ्या लिहिल्या जातात.

यांतली सर्वांत महत्त्वाची कात्री म्हणजे आर.एन.एज ई. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूत ती प्रथम सापडली. अमेरिकेत सेंट लुईस येथे डेव्हिड अपिरिऑन यांच्या प्रयोगशाळेत घोरा आणि मिश्रा या सहकाऱ्यांसह १९७८-७९ साली हे काम झाले. त्या वेळी ती पेशीतल्या एका वेगळ्या आर.एन.ए.ची छाटणी करते, एवढेच कळले होते. चिठ्ठ्या फाडण्याच्या कामात ती पुढारी आहे, हे नंतर उलगडत गेले. पुढे तिची मंडळीही सापडली. पीळ उलगडणारा एक, टोक कुरतडणारा एक, असे साथीदार घेऊन ती टोळीने काम करते.

आता जांभळ्या जीवाणूकडे परत वळू, कारण तिथे या कात्रीची खरी करामत दिसते.

बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. मधोमध एक तुंबा, आणि त्याभोवती आरे. एका चाकाला तुंबा एकच लागतो, आरे पुष्कळ. जांभळ्या जीवाणूचा उन्हाचा कारखाना असाच असतो. मधोमध एक केंद्र, जिथे उजेडाचे काम होते. त्याच्याभोवती उजेड गोळा करून केंद्राकडे पोचवणाऱ्या प्रथिनांचे कडे. एका केंद्रामागे त्या कड्यात साधारण १५ जोड्या लागतात. गंमत अशी, की केंद्राचा मजकूर आणि कड्याचा मजकूर एकाच लांब चिठ्ठीवर लागोपाठ लिहिलेला असतो. म्हणजे सुताराकडे चिठ्ठी गेली, 'आरा करा, तुंबा करा'. सुताराने ती जितक्या वेळा वाचली तितके आरे आणि तितकेच तुंबे! मग पंधरास एक हे प्रमाण जमायचे कसे?

१९८५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जोएल बेलास्को, थॉमस बीटी, स्टॅन्ली कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. त्या लांब चिठ्ठीचा केंद्राकडचा भाग आधी फाडला जातो, आणि कड्याचा भाग मागे शाबूत राहतो. चिठ्ठ्या किती काळ टिकतात हे मोजण्याची नेहमीची रीत अशी, की जीवाणूंना रिफॅम्पिसिन द्यायचे. क्षयरोग्याची लघवी नारिंगी करणारे तेच औषध. त्याने नव्या चिठ्ठ्या लिहिणे बंद पडते. मग ठरावीक मिनिटांनी जुन्या चिठ्ठ्या किती उरल्या ते पाहायचे. या चिठ्ठीत असे दिसले, की केंद्राचा मजकूर असलेल्या चिठ्ठ्या सुमारे ८ मिनिटांत निम्म्या होतात, आणि कड्याचा तुकडा निम्मा व्हायला सुमारे ३३ मिनिटे लागतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा हिशेब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. दोन्हींच्या शंभर शंभर चिठ्ठ्या धरा. केंद्राच्या ८ मिनिटांनी ५०, १६ मिनिटांनी २५, २४ मिनिटांनी साडेबारा, आणि ३२ मिनिटांनी जेमतेम ६ उरतात. त्याच वेळी कड्याच्या चिठ्ठ्या अजून पन्नासाच्या वर असतात. हुकूम एकच निघाला, पण त्याचा एक भाग जास्त वेळ टिकला, म्हणून जास्त वेळा वाचला गेला आणि त्याचा माल जास्त झाला. प्रमाण जमायला इतरही कारणे हातभार लावतात, पण यात मोठा वाटा चिठ्ठीच्या आयुष्याचा आहे.

मग कड्याचा भागच का टिकतो? केंद्राच्या मजकुरात आर.एन.एज ईला कात्री लावता येते अशी जागा आहे, तिथे घाव बसतो. मग कुरतडणारे त्या तुटल्या टोकाकडून आत येऊ लागतात. पण कड्याचा मजकूर संपतो तिथे चिठ्ठी स्वतःवरच दुमडून तिला घट्ट पीळ बसलेला असतो. दोरीच्या टोकाला गाठ मारली की पीळ सुटत नाही, तसेच हे. कुरतडणारा तिथे अडतो. हा पीळ काढून टाकला तर त्या तुकड्याचे आयुष्य घटते, आणि तरीही केवळ पीळ असला म्हणजे झाले असेही नाही, हे १९८८ साली दिसून आले. पुढे जर्मनीतल्या गाब्रिएले क्लूग यांनी १९९१ साली दाखवले, की या कापाकापीवर प्राणवायूचाही अंमल चालतो. प्राणवायू वाढला की केंद्राची चिठ्ठी अधिक लवकर जाते. चुलीजवळचा डबा कसा हलवला जातो, ते आता लक्षात आले ना?

हिरव्या जीवाणूंचीही एक युक्ती सांगतो, ती शेतकऱ्याला लवकर पटेल. चुनखडीच्या जमिनीत ऊस किंवा भुईमूग पिवळा पडतो, तेव्हा पुष्कळदा पिकाला लोह मिळत नसते. जमिनीत लोह असते, पण पिकाला घेता येत नाही. नील-हरित जीवाणूंवरही हा प्रसंग येतो, कारण त्यांच्या उन्हाच्या कारखान्याला लोह फार लागते. लोह कमी पडले की ते एक जादा प्रथिन घडवतात. त्याच्या १८ नगांचे कडे कारखान्याच्या एका भागाभोवती बसते आणि जास्त उजेड गोळा करते. थोड्या यंत्रांवर जास्त काम निभावून नेण्याची ही सोय. लोह मुबलक असताना हे कडे नको असते. तेव्हा पेशी एक उलटी चिठ्ठी लिहिते. मूळ चिठ्ठीवर ती आरशातल्या प्रतिमेसारखी नेमकी चिकटते, आणि मग मूळ चिठ्ठी टिकत नाही, जोडीने नष्ट होते. जर्मन शास्त्रज्ञांनी २००६ साली सिनेकोसिस्टिस नावाच्या जीवाणूत हे शोधून काढले. म्हणजे कोणती चिठ्ठी फाडायची, हे सांगायलाही चिठ्ठीच असते.

मंडळी, कोणी विचारील, डबक्यातल्या जीवाणूच्या चिठ्ठीशी आम्हाला काय करायचे आहे? याचे उत्तर कोविडच्या साथीत आपल्या दंडापर्यंत येऊन पोचले होते. त्या वेळी निघालेल्या काही लसी म्हणजे आर.एन.ए.चीच चिठ्ठी होती. परदेशातली एक लस उणे ७० अंशांच्या आसपासच्या थंडीत ठेवावी लागे. का? तर आर.एन.ए. मुळातच लवकर मोडणारी वस्तू, आणि तिला फाडणारी विकरे सगळीकडे पसरलेली. आपल्या बोटांच्या घामातही ती असतात, म्हणून प्रयोगशाळेत आर.एन.ए. हाताळताना हातमोजे घालतात. बैलाच्या स्वादुपिंडातून मिळणारे असे एक विकर पाण्यात उकळले तरी निवल्यावर पुन्हा कामाला लागते! पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने या जातीची भारतातली पहिली लस तयार केली. तिला २०२२ सालच्या जून महिन्यात तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. ती २ ते ८ अंशांत, म्हणजे आपल्या आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीत राहू शकते. खेडेगावाच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट आहे!

त्या काळात गावोगावी एक भीतीही फिरत होती, की ही लस अंगात कायमची राहील आणि आपले मूळ बदलील. आज जे ऐकले त्यावरून तुम्हीच सांगा. चिठ्ठी म्हणजे पासोडी नव्हे. आपल्या पेशींतही चिठ्ठ्या फाडणारी विकरे आहेत, आणि लसीतली चिठ्ठी काम आटोपल्यावर ती काही दिवसांत मोडून टाकतात. ही साधी गोष्ट वेळेवर कळली असती, तर कित्येक घरांतली भीती कमी झाली असती. आणखीही एक आशा आहे. जीवाणूंची आर.एन.एज ई ही कात्री माणसाच्या पेशीत तशी नसते. तेव्हा रोगजंतूंची तेवढीच कात्री बोथट करणारे औषध करता येईल का, याचा शोध चालू आहे. जुन्या औषधांना जंतू दाद देईनासे झाले असताना या शोधाला मोल आहे.

आता शाळांसाठी एक प्रयोग. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८८०च्या दशकात ही रीत काढली. रुंद तोंडाच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. तळ्याचा किंवा ओढ्याचा काळा चिखल आणा. त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे आणि भुईमुगाला घालतो ते चमचाभर जिप्सम कालवा. बाटलीचा निम्म्याहून जास्त भाग या चिखलाने भरा, वर त्याच ठिकाणचे पाणी ओता, थोडी जागा मोकळी ठेवा. झाकण सैल असू द्या, आत वायू तयार होतो. एक बाटली खिडकीजवळ उजेडात ठेवा, कडक उन्हात नको. दुसरी काळ्या कापडात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवा. हात साबणाने धुवा. सहा ते आठ आठवडे वाट पाहा. उजेडातल्या बाटलीत वरच्या बाजूला, जिथे प्राणवायू आहे तिथे, हिरवा थर धरेल. त्याखाली, प्राणवायू नसलेल्या पण उजेड पोचणाऱ्या भागात, जांभळट-तांबूस डाग उमटतील. तळ काळा राहील. काळ्या कापडातल्या बाटलीत हे रंग येणार नाहीत. मुलांना विचारा, हिरवा वर का आणि जांभळा खाली का? चिठ्ठ्या आणि कात्र्या डोळ्यांना दिसणार नाहीत, पण कोणी कुठे कारखाना उभारला ते काचेतून स्पष्ट दिसेल.

शेवटी घरच्या उपयोगाची एक सूचना. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी दाट साय दिसली, तर त्या जागी जनावरे पाजू नका आणि ते पाणी पिण्यास घेऊ नका. नील-हरित जीवाणूंच्या काही जाती विष तयार करतात, आणि पाणी उकळल्याने ते विष जात नाही. घाईघाईने मोरचूद टाकूनही भागत नाही, कारण जीवाणू फुटले की आतले विष एकदम पाण्यात उतरते. शेण, सांडपाणी आणि खताचे वाहते पाणी विहिरीत किंवा शेततळ्यात जाऊ न देणे, हाच खरा उपाय. खत मिळाले की यांची वाढ होणारच. ते त्यांच्या हिशेबाने जगतात, आपण आपला हिशेब ठेवला पाहिजे.